दादाला काढण्याची तालीम

मंगळवारी चार वाजता दादाला नाटकावरून काढायचं ठरलं होतं, म्हणून त्याची तालीम दोन वाजता ठेवली.

कुणाला हे विचित्र वाटेल. वाटू दे. या घरात महत्त्वाची गोष्ट कुणी थेट बोलत नाही. अक्का, दादा आणि बाळ या तिघा भावंडांच्या वडिलांनी एकदा जेवताना रागाच्या भरात तोंडाला येईल ते बोलून अर्धी नाटक मंडळी घालवली. तेव्हापासून नियम झाला. बोलायचं ते आधी लिहायचं, प्रती काढून वाटायच्या, तालीम करायची, आणि मगच ज्याला सांगायचं त्याला सांगायचं. ज्याच्याबद्दल बोलायचं त्यानं तालमीला यायचं नाही. त्याचं काम दुसऱ्यानं करायचं. अक्कानं लग्नाला नकार दिला तो नऊ तालमींनंतर, आणि इतका झकास दिला की मुलाकडची माणसं टाळ्या वाजवत गेली. दादानं वहिनीला मागणी घालायची तालीम केली तेव्हा वहिनीचं काम बाळकडे होतं. बाळ सोळा वर्षांचा, नुकती मिशी फुटत होती, पण 'हो' म्हणताना त्यानं अशी काही मान खाली घातली की खऱ्या वहिनीचं 'हो' दादाला जरा कमीच वाटलं. तसं तो बोलूनही गेला. वहिनी हे अजून विसरलेली नाही.

तर अक्कानं तालमीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या आणि चार-चार पानांच्या प्रती वाटल्या. अक्का दादाची थोरली बहीण आणि मंडळीची निर्माती. निर्मात्याचं काम काय असतं असं कुणी विचारलं की ती सांगायची, "ज्याला कुणी नाही म्हणत नाही, त्याला नाही म्हणायचं." आणि दिग्दर्शक म्हणून दादानं जे जे मागितलं, त्याला तिनं चाळीस वर्षांत एकदाही नाही म्हटलं नव्हतं. आता मात्र गळ्याशी आलं होतं. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकानं सकाळीच फोनवर सुनावलं होतं, की शुभारंभाची तारीख दोनदा घेऊन दोनदा परत केलीत. तिसरी वीस दिवसांवर आली आहे. पाच वाजता पुन्हा फोन करतो, हो किंवा नाही एवढंच सांगा, आणि नाही असेल तर यापुढे आमच्याकडे तोंड दाखवू नका. मंडळीतले दोन नट आधीच दुसरीकडे गेले होते. ही तारीख गेली की मंडळीला कुलूप लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि नाटक कुठवर आलं होतं? दारापर्यंत. नाटकातला माणूस बऱ्याच वर्षांनी घरी येतो, दार उघडतो, आत शिरतो. दादा अकरा महिने हेच बसवत होता. दार आधी आत उघडत होतं, मग बाहेर, मग सरकतं झालं, मग पुन्हा आत. सहा दारं झाली. बाळ आता साठीला टेकलेला, मंडळीचा मुख्य नट, तोच तो घरी येणारा माणूस. संहितेत तो खुर्चीत बसतो, पाणी मागतो, भांडतो, रडतो, ऐंशी पानं बोलतो. बाळ अजून खुर्चीपर्यंत पोहोचलेला नव्हता. आजही दादा सातवं दार बघायला सुताराकडे गेला होता, म्हणून तर ही खोली मोकळी मिळाली.

"जागा घ्या," अक्का म्हणाली. "बाळ, तू दादा. तू सुताराकडून येतोस. मी इथं मधे बसते. चिमी, तू माझ्या उजवीकडे."

"मी कुठल्या मनःस्थितीत येतो?" बाळनं विचारलं.

"सुताराकडून येतोस म्हटलं ना."

"ते झालं ठिकाण. मनःस्थिती?"

"बाळ, डोकं उठवू नकोस. नुसता ये."

"नुसतं येण्याचं नावसुद्धा काढू नका. अकरा महिने नुसता येतोय मी!"

पण तो बाहेर गेला आणि आला. चष्मा कपाळावर, डावा हात खिशात, हनुवटी पुढे. दारातच थांबून त्यानं वरच्या दिव्याकडे असं पाहिलं जणू दिव्यानंच काहीतरी चूक केली आहे. कपडेपटाचं टेबल सांभाळणाऱ्या वहिनीच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या सांडता सांडता राहिल्या.

"अगं बाई! हुबेहूब हेच!"

बाळला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फारच बरं वाटलं. चाळीस वर्षं ज्या माणसाकडून बोलणी खाल्ली तो माणूस आता त्याच्या खिशात होता. न्हाणीघराच्या आरशासमोर त्यानं हे काम किती वेळा केलं होतं ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

अक्कानं पहिली तीन पानं वाचली. त्यात दादाची थोरवी होती. मग तिनं चिमीकडे पाहिलं. चिमी दादा-वहिनीची मुलगी, बत्तीस वर्षांची, दहा वर्षं दादाची सहायक. उरलेलं सगळं नाटक तिनं वहीत बसवून ठेवलं होतं. कोण कुठून येतो, कुठं वळतो, कुठं गप्प राहतो, सगळं. दादाला ती वही माहीत नव्हती. आज तिला एकच वाक्य म्हणायचं होतं, 'बाबा, हे नाटक आता मी बसवणार.'

"बाबा," चिमी म्हणाली, "हे नाटक आता... म्हणजे आपण सगळे मिळून जरा..."

"'मी बसवणार,'" वहिनीनं टाचण्यांमधून आठवण करून दिली.

"बाबा, हे नाटक आता मी, म्हणजे तुमची हरकत नसेल तर..."

"तू?" बाळ दादाच्या आवाजात गरजला. "कडी कुठल्या हातानं काढायची ते कळतं का तुला? दहा वर्षं माझ्या मागे वही घेऊन फिरलीस म्हणजे दिग्दर्शक झालीस?"

चिमीचे डोळे भरले. "काका! हे लिहिलेलं नाही!"

"तो म्हणणारच. मी पात्राशी प्रामाणिक राहतोय."

"तुला एकच वाक्य आहे," अक्का म्हणाली. "'ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं.' तेवढं म्हण आणि बस."

"दादा असं म्हणेल? आपला दादा? चार पानं लिहिलीस आणि मुख्य पात्राला एक वाक्य! मला नाही हे काम करायचं."

"मलाही नाही जमत," चिमी म्हणाली. "आत्या, तूच सांग त्यांना. तू मोठी आहेस."

"मी तारखेचं सांगेन. नाटक कोण बसवणार ते बसवणाऱ्यानं सांगायचं."

"मग राहू दे ना दादाला," बाळ एकदम म्हणाला. "दाराशी का होईना, काम चालू आहे."

"बाळ! परवा माझ्याकडे येऊन ढसाढसा रडलास तो कोण होता? 'अक्का, मला एकदा तरी खुर्चीत बसू दे' म्हणून?"

"ते मी भावनेच्या भरात बोललो. माझा धंदाच आहे तो."

"म्हणजे आता सगळं माझ्यावर!" चिमी म्हणाली. "परवा तूच म्हणालास, मी तुझ्या पाठीशी आहे."

"पाठीशीच आहे. पुढे कुठं येतोय?"

वहिनीनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. "चिमे, सरळ बोल गं. माणसाला सरळ सांगायला तुम्हाला सगळ्यांना काय होतं तेच मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही."

"थांबा!"

हा आवाज बाळचा नव्हता. सगळ्यांनी मागे पाहिलं. खोलीच्या मागच्या टोकाला दादा उभा होता, त्याच्या मागे सुतार, आणि दोघांच्या मधे आडवं धरलेलं सातवं दार.

दादा तिथं किती वेळ होता हे त्यानं पुढे कधीच सांगितलं नाही. आपल्याला काढताहेत हे त्याला कळलं. पण त्याच्या अर्धा क्षण आधी त्याला दिसलं होतं, की चिमी पाठमोरी उभी आहे, अक्का मधे बसून सगळ्यांना झाकते आहे, आणि प्रवेशातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस दिव्याच्या बाहेर आहे. काढण्याचं काय करायचं ते त्याला सुचेना. प्रवेशाचं काय करायचं ते मात्र लगेच सुचलं. दाराचं आपल्याकडचं टोक त्यानं भिंतीला टेकवलं, पुढे येऊन अक्काच्या हातातली पानं घेतली आणि चारही पानं उभ्यानं वाचून काढली.

"कुणी लिहिलंय?"

"मी," अक्का म्हणाली.

"पहिली तीन पानं काढून टाक."

"अं?"

"तीन पानं माझं कौतुक करतेयस. आधारस्तंभ काय, दीपस्तंभ काय. ज्याला काढायचंय त्याला तिसऱ्या ओळीत कळलं पाहिजे. नाहीतर त्याला वाटेल सत्कारच आहे. इथून घ्या, 'तारीख वीस दिवसांवर आली.' आणि उठ. निर्माता अशी बातमी बसून देत नाही."

"दादा," अक्का सावकाश म्हणाली, "हे काय चाललंय ते तुला कळलंय ना?"

"मला काढताय. कळलं. म्हणून काय वाईट बसवायचं?"

अक्का उठली. दादानं तिला दोन पावलं डावीकडे नेलं, चिमीला समोर वळवलं, बाळला दारात पाठवलं. पहिल्या खेपेला अक्काचा आवाज चढा लागला. दुसऱ्या खेपेला पडला. तिसऱ्या खेपेला ठीक होता, पण हात कुठं ठेवायचे ते तिला कळेना.

"आणि बाळ, तू मला म्हातारा का करतोयस?"

"तू म्हातारा आहेस, दादा."

"मी पात्राबद्दल बोलतोय. आणि हे ओरडणं! मी असा ओरडतो?"

दाराचं आपल्याकडचं टोक धरून उभा असलेला सुतार म्हणाला, "ओरडता."

"बरं, ओरडतो. पण दिव्याकडे बघून नाही ओरडत. चल, पुन्हा. चिमी, तू माफी मागतेयस. काढणारा माणूस माफी मागायला लागला तर समोरच्यानं काय करायचं, त्याची समजूत घालायची? पुन्हा."

"अहो, दार कुठं ठेवू?" सुतारानं विचारलं.

"धरा हो जरा. पुन्हा!"

साडेतीन झाले, चार झाले. ज्या घटकेला दादाला खरोखर काढायचं होतं, त्या घटकेला दादा अक्काला सांगत होता की 'दादा' म्हणण्याआधी एक श्वास घे. अक्कानं श्वास घेतला. तिला एकीकडे हसू फुटत होतं, आणि लाजही वाटत होती, कारण तिला तो आवडत होता. एवढा आवडता धाकटा भाऊ, आणि आपण त्याला चार पानांत गुंडाळून बाहेर ठेवायला निघालो. शिवाय प्रवेश सुधारत होता. पंधराव्या खेपेला तर तो इतका चांगला झाला की बाळच्या अंगावर काटा आला. दादा म्हणाला, "जवळ आलोय. पुन्हा."

तेव्हा अक्काच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा काही विरोध करत नाही, रागावत नाही, भांडत नाही. हा फक्त आपल्याला काढण्याचा प्रवेश बसवतो आहे. आणि हाही तो अकरा महिने बसवणार.

"दादा," ती म्हणाली, "पाचला फोन येणार आहे. साडेचार झालेत."

"मग बोलण्यात वेळ कशाला घालवतेस? बाळ, सरक. तुला नाही जमत. मी दाखवतो मला कसं काढायचं."

बाळला हे चांगलंच लागलं. असं काम पुन्हा कधी मिळणार होतं? पण तो सरकला. दादा दारात जाऊन उभा राहिला, दोन पावलं पुढे आला आणि थांबला. समोरच्या रिकाम्या टेबलाकडे त्यानं पाहिलं.

"पुढून कोण बघतंय?"

कुणीच बघत नव्हतं. त्या टेबलामागच्या खुर्चीत चाळीस वर्षं दादाशिवाय कुणी बसलं नव्हतं. तो घरी गेला तरी लोक त्या खुर्चीला वळसा घालून जायचे.

"पुढून बघायला कुणी नसेल तर मी करणार कुणासाठी?" दादा कावला.

"चिमे," वहिनी म्हणाली, "जा पुढे."

चिमी गेली. खुर्चीवर ती अर्धीच टेकली, आणि मग टेबलावर कोपर ठेवायला पुढे सरकता येईना म्हणून पूर्ण बसली. तिथून सगळं वेगळंच दिसत होतं. आत्या थकलेली दिसत होती. काका नाटकी रुसलेला. आणि दारात बाबा, इतका लहान दिसणारा माणूस, की तिला वाटलं हे आपण इतके दिवस बाजूनंच बघत होतो.

अक्कानं तारखेचं वाक्य म्हटलं. चिमीचं वाक्य टेबलामागून कुणी म्हटलंच नाही, तरी दादानं ते ऐकल्यासारखं केलं. मग एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, मान उंच केली, मोठा पॉज घेतला आणि म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही म्हणाल तसं."

बाळनं नकळत डोळे पुसले. सुतारसुद्धा म्हणाला, "वा!"

"खोटं," चिमी म्हणाली.

"काय?"

"खोटं आहे, बाबा. हात खुर्चीवर कशाला ठेवलात? तुम्हाला खूप मोठ्या मनाचं दिसायचंय. पुन्हा."

हे 'पुन्हा' तिच्या तोंडून गेलं आणि तिलाच घाबरायला झालं. दादानं तिच्याकडे रोखून पाहिलं. मग मागे गेला आणि पुन्हा आला. हात खाली ठेवला. "ठीक आहे. तुम्ही म्हणाल तसं."

"अजून खोटं. आता रागावलाय असं दाखवताय. तुम्ही रागावलेले नाही. पुन्हा."

"चिमी, आता पुरे," अक्का पुटपुटली.

"आत्या, मधे बोलू नकोस. पुन्हा, बाबा."

दादा तिसऱ्यांदा आला आणि दोन पावलांवर थांबला. वाक्य म्हणायला तोंड उघडलं. वाक्य आलं नाही. वहिनीनं हळूच म्हटलं, "'ठीक आहे...'" चिमीनं हातानं तिला गप्प केलं.

"काय आहे?" चिमीनं विचारलं. "वाक्य जाऊ दे. तुम्हाला काय म्हणायचंय?"

दादानं सुतारानं धरलेल्या दाराकडे पाहिलं. मग खूप साध्या आवाजात, बाळनं आरशासमोर कधी केला नव्हता अशा आवाजात म्हणाला, "मला पुढचं दिसत नाही गं."

"कशाच्या पुढचं?"

"तो दार उघडतो. आत येतो. आणि मग काय करतो ते मला दिसतच नाही. आधी वाचता वाचता दिसायचं सगळं. कोण कुठं बसलंय, कुणाचा हात कुठं आहे. आता पान उलटलं की कोरं. म्हणून म्हटलं दार नीट झालं की दिसेल. मग दुसरं करून बघितलं. मग तिसरं." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "कुणाला सांगणार? दिग्दर्शकाला दिसत नाही हे कुणाला सांगायचं असतं का?"

"मला सांगायचं!" बाळ किंचाळला. "अकरा महिने मी दारात उभा! मला वाटलं मला येता येत नाही! घरीसुद्धा आत शिरताना माझे पाय अडखळायला लागले होते, बायको म्हणाली डॉक्टरला दाखवा. मी खरोखर दाखवलं, दादा!"

"बाळ," दादा म्हणाला, "तू पहिल्याच दिवशी बरोबर आला होतास."

बाळ सगळ्यात जवळच्या खुर्चीत जाऊन बसला आणि खरंखुरं रडायला लागला. वहिनी उठून नवऱ्याजवळ गेली. तिनं त्याच्या शर्टाची वर राहिलेली कॉलर खाली केली.

चिमी टेबलामागून उठली नाही. उठले तर पुन्हा सहायक होईन, एवढं तिला कळलं होतं.

"बाबा, मला दिसतं," ती म्हणाली. "ऐंशीच्या ऐंशी पानं दिसतात. हे नाटक आता मी बसवणार."

दादानं मान वर केली. ओठ 'पुन्हा' म्हणायला हललेसुद्धा, सवयच तशी. पण वाक्यात काही काढण्यासारखं नव्हतं.

फोन वाजला. अक्कानं उचलला आणि चिमीकडे पाहिलं. चिमीनं मान डोलावली. "हो," अक्का फोनमध्ये म्हणाली. "नक्की. नाही, आता परत करणार नाही. ऐका, आमच्याकडून 'नाही' हा शब्द तुम्हाला ऐकू येणार नाही." फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि सुताराला तिनं पहिल्यांदाच मोठ्या आवाजात सांगितलं की दार परत घेऊन जा, आम्हाला आणखी दार नको.

खोली आवरायला लागली. बाळ नाक पुसत विचारत होता की मग उद्या मी खुर्चीत बसतो ना, नक्की ना, की आधी उभं राहून काहीतरी आहे. चिमीनं पिशवीतून वही काढून टेबलावर उघडली. कडेला नटांची नावं होती. एका कामापुढे जागा कोरी होती, घरी येणाऱ्या माणसाच्या बापाचं काम, दुसरा अंक, सहा वाक्यं. तिथला नट दुसऱ्या मंडळीत निघून गेला होता. तिनं पेन काढलं, थोडा विचार केला आणि तिथं 'बाबा' लिहिलं. दादा टेबलापलीकडे उभा राहून उलट्या बाजूनं वाचत होता.

"मला उद्या किती वाजता यायचंय?" त्यानं विचारलं.

'तुमच्या सोयीनं या, बाबा' असं चिमीच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं वर पाहिलं. दादा, नट उभे राहतात तसा, दोन्ही हात पुढे घेऊन उत्तराची वाट बघत उभा होता.

"साडेनऊ," ती म्हणाली. "आणि पाठ करून या."

"हो," दादा म्हणाला.